आगाऊ सह्या

पारोळ्यात माझं दहा खाटांचं प्रसूतिगृह आहे. जिल्हा जळगाव, पण अडलेली बाळंतीण आम्ही धुळ्याला पाठवतो. सुरत-नागपूर महामार्गाने ते पस्तीसेक किलोमीटर पडतं, जळगाव बरंच लांब. तामसवाडी, बहादरपूर, शिरसमणी या बाजूच्या बायका माझ्याकडे येतात. कपाशीची वेचणी चालू असली की दुखणं अंगावर काढतात, आणि वेचणी आटोपली की ओपीडीत बसायला जागा उरत नाही.

केबिनबाहेरच्या भिंतीवर काचेच्या चौकटी ओळीने लावल्या आहेत. नर्सिंग होमची नोंदणी, सोनोग्राफी केंद्राची नोंदणी, गर्भपात केंद्राची मान्यता, प्रदूषण नियंत्रण मंडळाचं कचऱ्याचं प्राधिकारपत्र, आगीच्या व्यवस्थेचा दाखला. गेल्या आठ-दहा वर्षांत या प्रत्येक चौकटीमागचा नियम बदलला. २०१६ मध्ये जैववैद्यकीय कचऱ्याचे नवे नियम आले. २०१९ मध्ये सोनोग्राफीच्या नोंदींवर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. जानेवारी २०२१ मध्ये राज्य सरकारने १९४९ च्या नर्सिंग होम कायद्याखालचे नियम सुधारले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात गर्भपात कायद्यातली दुरुस्ती लागू झाली. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. या सगळ्या तारखा मला पाठ होत्या. नवं परिपत्रक आलं की तालुक्यातल्या डॉक्टरांना ते समजावून सांगायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडेच येई. म्हणून हे आधी सांगते, की पुढे लिहिलेल्या चुका नियम ठाऊक नव्हता म्हणून झालेल्या नाहीत.

सर्वांत मोठी चूक फॉर्म एफची.

गर्भलिंग निदानाविरुद्धचा केंद्राचा कायदा १९९४ चा. महाराष्ट्राने त्याच्याही आधी, १९८८ मध्ये, देशात पहिल्यांदा असा कायदा केला होता. गरोदर बाईची सोनोग्राफी करायची तर प्रत्येक वेळी फॉर्म एफ भरावा लागतो. बाईचं नाव, वय, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, पत्ता, आधीची मुलं किती, त्यांतले मुलगे किती नि मुली किती, कोणी पाठवलं, तपासणी कशासाठी. खाली बाईचं प्रतिज्ञापत्र. त्याच्याखाली डॉक्टरचं, की गर्भाचं लिंग मी शोधलेलं नाही आणि कोणालाही कोणत्याही प्रकारे सांगितलेलं नाही. हे फॉर्म किमान दोन वर्षं जपायचे आणि महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या पाच तारखेपर्यंत समुचित प्राधिकाऱ्याकडे द्यायचा.

या कोऱ्या फॉर्मांवर मी गठ्ठ्याने सह्या करून ठेवत असे. सकाळी ओपीडी भरलेली, मध्येच एखादी कळा देत असलेली बाई, त्यात दर पेशंटला थांबून सही करायची म्हणजे रांग अडते, असा माझा हिशेब. रिसेप्शनवरची मुलगी रकाने भरायची. तपासणीच्या कारणांची लांब यादी फॉर्मवर असते. ती सगळ्यांना एकाच कारणावर खूण करायची, कारण मी तिला तेच शिकवलं होतं. आधीच्या मुलांचा रकाना ती विचारून भरायची. मी तो कधी वाचत नव्हते. 'मी लिंग सांगितलेलं नाही' या वाक्याखाली, बाई अजून दारातही आलेली नसताना, माझी सही तयार असे. मी कोणालाही लिंग सांगत नव्हते हे खरं. त्या खरेपणाच्या बळावर बाकीचा कागद निव्वळ कारकुनी आहे असं मी स्वतःला पटवलं होतं.

स्त्रीरोगतज्ज्ञांच्या देशव्यापी संघटनेची, फॉग्सीची, याचिका तेव्हा सर्वोच्च न्यायालयात होती. कायद्याच्या कलम ४ प्रमाणे नोंदीतली उणीव किंवा चूक ही लिंगनिदान बंदीचंच उल्लंघन मानली जाते आणि तसं नाही हे डॉक्टरनेच सिद्ध करायचं असतं. एखादा रकाना रिकामा राहिला म्हणून यंत्र सील होणं, खटला होणं, नोंदणी निलंबित होणं हा अन्याय आहे, असं आमचं म्हणणं. मी त्या याचिकेच्या बाजूने बैठकीत तळमळीने बोलले होते. ३ मे २०१९ रोजी न्यायालयाने ती फेटाळली. न्यायालयाचा आशय असा होता, की हा फॉर्म भरणं हे केवळ कागदी काम नव्हे. तपासणी का केली हे दाखवणारी तेवढीच एक नोंद असते, आणि ती सैल सोडली तर कायद्यात काही उरत नाही.

निकाल वाचून मला राग आला, आणि मग भीती वाटली. तपासणी पथक येण्याआधी आपले जुने फॉर्म नीट करून ठेवावेत म्हणून मी गठ्ठे घरी नेले. फॉर्म 'नीट करणं' हासुद्धा गुन्हाच आहे, हे तेव्हा मनाच्या कडेला होतं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. पण नीट करण्यासाठी ते वाचावे लागले. आपल्या सहीचे फॉर्म मी तेव्हा पहिल्यांदा वाचत होते.

दोन मुली असलेल्या, तीन मुली असलेल्या बायका. अकरा-बारा आठवड्यांच्या. पाठवणाऱ्याच्या रकान्यात वारंवार एकच नाव. माझ्याकडे एकदा आल्या, आठवडे नक्की करून गेल्या, आणि अठरा-वीस आठवड्यांच्या तपासणीला त्यांतल्या कितीतरी पुन्हा आल्याच नाहीत. प्रसूतीच्या नोंदवहीत त्यांची नावं शोधली, नव्हती. काही जणी माहेरी गेल्या असतील, काहींचं बाळंतपण कुटीर रुग्णालयात किंवा धुळ्याला झालं असेल. पण एक मुलगा आणि एक मुलगी असलेल्या बायका मात्र बहुतेक परत आल्या होत्या, आणि पहिलटकरणीही. फरक डोळ्यांवर येत होता. एकेका फॉर्ममध्ये तो दिसत नाही. शेजारी शेजारी ठेवल्यावर दिसतो, आणि फॉर्म ठेवायला सांगितले आहेत ते त्यासाठीच. कोल्हापूरला लक्ष्मीकांत देशमुख जिल्हाधिकारी असताना फॉर्म एफ ऑनलाइन भरून घ्यायला आणि सोनोग्राफी यंत्रांना तपासण्या टिपून ठेवणारे 'सायलेंट ऑब्झर्व्हर' बसवायला सुरुवात झाली, तेव्हा आम्हा डॉक्टरांना ती पाळत वाटली होती. मलाही. नोंदी एकत्र वाचणारं कुणीतरी असावं, एवढाच त्यामागचा विचार होता, आणि माझ्या दवाखान्यात ते वाचन मी स्वतः करू शकले असते.

२०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात जळगाव जिल्ह्यात हजार मुलग्यांमागे ८४२ मुली होत्या. राज्याचा आकडा ८९४. जळगावच्या खाली बीड. परळीचं स्त्रीभ्रूणहत्येचं प्रकरण २०१२ मध्ये बाहेर आलं, सांगलीतल्या म्हैसाळचं २०१७ मध्ये, आणि दोन्ही वेळा मी चारचौघांत म्हटलं की असे डॉक्टर म्हणजे खुनी. माझा ८४२ शी काही संबंध असेल असं मनातही आलं नाही. त्या बायकांना कोणी काय सांगितलं, त्या पुढे कुठे गेल्या, हे मला माहीत नाही. पण त्यांच्या त्या प्रवासातला एक थांबा माझा दवाखाना होता, आणि तो थांबा माझ्या आगाऊ सहीमुळे सोपा झाला होता.

मी फॉर्म दुरुस्त केले नाहीत, होते तसे ठेवले. ज्याच्या चिठ्ठीने त्या बायका येत होत्या त्याच्याविषयी समुचित प्राधिकाऱ्याला लेखी कळवायला हवं होतं. तेही केलं नाही. त्याच्या चिठ्ठ्या घेणं बंद केलं, एवढंच. त्याला कारण विचारण्याचीही हिंमत झाली नाही. लहान गाव, रोज समोर येणारा माणूस. ही गोष्ट मला फॉर्मांपेक्षा जास्त बोचते, कारण तोवर मला सगळं दिसलं होतं.

आता फॉर्म तपासणीच्या टेबलाशेजारीच असतो. मुलांचा रकाना मी स्वतः विचारते. दोन मुलींवरची बाई असेल तर तिच्याशी थोडं जास्त बोलते, पुढच्या तपासणीची तारीख वहीत टाकते, आली नाही तर आशाताईंकडे चौकशी करते. रांग अडते. लोक कुरकुर करतात.

दुसरी चूकही सहीचीच, फक्त इथे मी दुसऱ्याची सही मागत होते.

गर्भपाताचा कायदा १९७१ चा. अठरा वर्षांवरच्या, मनाने सुदृढ बाईचा गर्भपात करायला फक्त तिची संमती लागते, फॉर्म सी वर. नवऱ्याची सही कायद्याने कधीच मागितलेली नाही. तरी माझ्या दवाखान्यात तो नियम होता: नवऱ्याला घेऊन या, किंवा निदान सासूला. मागे भांडण व्हायला नको, 'आम्हाला न विचारता का केलं' म्हणून दगड यायला नकोत. ही भीती उगीच नव्हती. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात नातेवाइकांनी एका निवासी डॉक्टरला इतकं मारलं की त्याच्या डोळ्याला कायमची इजा झाली. राज्यभर निवासी डॉक्टर रजेवर गेले. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध २०१० पासून राज्याचा कायदा आहे, पण कायदा दारात उभा राहत नाही, हे आम्ही तेव्हा एकमेकांना सांगत होतो. त्यानंतर माझ्याकडे सह्यांचे कागद वाढले.

एक बाई आली. तीन मुलं, सात आठवडे गेलेले. नवरा सुरतेला कामाला, दिवाळीला येणार. तिला क्युरेटिंग करून हवं होतं. मी नेहमीचं वाक्य बोलले. ती माझ्या टेबलावरच्या फॉर्मकडे बघत म्हणाली, "मॅडम, मनी सही चालस नही का?"

कायद्याने चालत होती. तिच्याएवढी दुसरी कोणाची चालतच नव्हती. मी म्हटलं, आमच्याकडे पद्धत आहे. ती उठून गेली.

काही आठवड्यांनी तिला रात्री रिक्षातून आणलं ती रक्तस्राव होत असलेली. कुठून तरी गोळ्या आणून घेतल्या होत्या, कितव्या आठवड्यात आणि किती, ते तिच्यासोबतच्या जावेलाही सांगता येत नव्हतं. सलाइन लावून मी तिला रुग्णवाहिकेतून धुळ्याला पाठवलं. रक्त चढवावं लागलं. ती वाचली. पुन्हा माझ्याकडे कधी आली नाही, आणि त्यात तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

२०२१ च्या दुरुस्तीने काही विशिष्ट परिस्थितीतल्या बायकांसाठी मुदत चोवीस आठवड्यांपर्यंत नेली, 'नवरा' या शब्दाच्या जागी 'जोडीदार' आणला, आणि बाईची ओळख उघड करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद केली. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित बायकांनाही हा हक्क तितकाच आहे असं सांगितलं. त्याच निकालात डॉक्टरांविषयी एक निरीक्षण आहे: कायद्यात नसलेल्या अटी, घरच्यांची संमती, जादा कागदपत्रं, डॉक्टर बायकांवर लादतात आणि त्यामुळे त्या सुरक्षित उपचारापासून दूर जातात. तो परिच्छेद मी वाचला तेव्हा मला न्यायालय अविवाहित मुलींविषयी बोलतंय असं वाटलंच नाही. मला सुरतेला नवरा असलेली ती बाई दिसत होती. सही न मागण्याने माझ्यावर काही संकट येईल का? येईलही. पण माझं संकट टाळण्यासाठी मी ते तिच्या अंगावर ढकललं होतं, आणि त्याला 'पद्धत' असं नाव दिलं होतं.

डॉक्टरांच्या बाजूचं म्हणणंही इथेच मांडते, कारण ते खोटं नाही. दहा खाटांच्या दवाखान्याला जवळपास तेवढीच नोंदणीपत्रं लागतात जेवढी शहरातल्या दोनशे खाटांच्या रुग्णालयाला. प्रत्येकाचं नूतनीकरण वेगळं, कार्यालय वेगळं, पोर्टल वेगळं. एका कागदासाठी जळगावला दिवस घालवायचा तर इथे ओपीडी बंद. एक खिडकी, एक अर्ज, लहान दवाखान्यांसाठी वेगळी मोजणी, ही मागणी मी आजही करते आणि मनापासून करते. पण या खऱ्या तक्रारीच्या आडोशाला मी स्वतःची बेपर्वाई ठेवली होती. जुलै २०२४ च्या आधी आमच्या बैठकांमध्ये न्याय संहितेचं कलम १०६ गाजत होतं. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर इतरांना पाच वर्षांपर्यंत शिक्षा आणि नोंदणीकृत डॉक्टरला, वैद्यकीय उपचारादरम्यान, दोन वर्षांपर्यंत. संध्याकाळच्या संध्याकाळ आम्ही त्या दोन वर्षांवर बोललो. दवाखान्यातल्या मावश्यांना हिपॅटायटिस बी ची लस दिली आहे का, हा प्रश्न त्या बैठकांत कोणी काढल्याचं मला आठवत नाही. मीही काढला नाही.

तिसरी चूक मावशींच्या बाबतीतली. त्या माझ्याकडे दवाखाना उघडल्यापासून आहेत. लेबररूम पुसणं, चादरी, कचऱ्याच्या पिशव्या बांधणं. कचऱ्याचे आधीचे नियम १९९८ चे होते. महिन्याला हजाराच्या आत पेशंट असलेल्या दवाखान्यांना प्राधिकारपत्रातून तेव्हा सूट होती, आणि आम्ही त्या सुटीत निवांत होतो. २०१६ च्या नियमांनी ती सूट काढली. वार आणि रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सलाइनच्या नळ्या आणि सिरिंजचं प्लास्टिक लाल पिशवीत, काच निळ्या खोक्यात, सुया नि ब्लेड टोचून बाहेर येणार नाहीत अशा पांढऱ्या डब्यात. अठ्ठेचाळीस तासांच्या वर काही साठवायचं नाही. कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस, कामावर घेताना आणि मग दरवर्षी आरोग्यतपासणी. अपघात झाला तर नोंद. दरवर्षी ३० जूनपर्यंत मंडळाला वार्षिक अहवाल.

पिशव्या आल्या, डबे आले, कचरा नेणाऱ्या गाडीशी करार झाला, भिंतीवर रंगीत तक्ता लागला. तपासणीला येणाऱ्याच्या नजरेला जे पडतं ते सगळं झालं. लस नजरेला पडत नाही. वार्षिक अहवालात अपघातांची संख्या विचारतात; मी दरवर्षी शून्य लिहीत होते. कोणाला विचारून लिहीत नव्हते.

पांढरा डबा भरला की नवा येईपर्यंत सुया लाल पिशवीत जायच्या. सिस्टरना माहीत होतं, मलाही माहीत होतं. अशाच एका पिशवीची गाठ मारताना मावशींच्या अंगठ्याजवळ सुई गेली. त्यांनी नळाखाली हात धरला, हळद लावली, पट्टी बांधली आणि कोणाला सांगितलं नाही, कारण आधी एकदा डबा सांडला होता तेव्हा मी त्यांना सगळ्यांसमोर बोलले होते. लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी च्या रुग्णाची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता शंभरात सहापासून तीसपर्यंत धरतात. एचआयव्हीच्या बाबतीत ती हजारात तीन. चोवीस तासांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन आणि लस सुरू केली तर बरंच टळतं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं बहात्तर तासांच्या आत सुरू व्हायला हवीत, जितकी लवकर तितकी बरी. हे सगळं मी बाहेर व्याख्यानात सांगितलेलं आहे.

दोन-अडीच महिन्यांनी मावशींचे डोळे पिवळे दिसले. जेवण जात नव्हतं. गावात कुणीतरी 'पांढरी कावीळ' म्हटलं म्हणून त्या आधी झाडपाल्याचं औषध घेऊन आल्या होत्या. तपासणी हिपॅटायटिस बी ची निघाली, आणि तेव्हा त्यांनी सुईचं सांगितलं. एचआयव्ही नव्हता. प्रौढ माणसांत बहुतेकांचं शरीर हिपॅटायटिस बी चा विषाणू आपणहून बाहेर टाकतं. त्यांचंही तसंच झालं, पण ते कळायला सहा महिने गेले. त्या काळात सुनेने त्यांचं ताट-वाटी वेगळं केलं. मी घरी जाऊन सांगितलं की जेवणातून हा आजार लागत नाही. ऐकून घेतलं, ताट वेगळंच राहिलं.

तपासण्यांचा आणि औषधांचा खर्च मी केला, आणि आपण आपलं कर्तव्य केलं असं मला वाटलं. मग कळलं की त्यांच्या गैरहजेरीच्या दिवसांचा पगार कापला गेला होता. मी सिस्टरांवर ओरडले. त्यांनी शांतपणे पगारपत्रक समोर ठेवलं. खाली माझी सही होती.

तीन डोसांच्या लसीचा खर्च एका सोनोग्राफीच्या फीपेक्षा कमी आहे. मावशींना ती न देण्यामागे पैसा नव्हता, विरोध नव्हता, काहीच नव्हतं. तो नियम कागदावर तपासला जात नव्हता म्हणून माझ्या हातून राहिला. त्या वर्षीच्या अहवालात मी पहिल्यांदा 'एक' लिहिलं. मंडळाकडून काही विचारणा होईल या भीतीने तो आकडा लिहितानाही मला वेळ लागला, हे सांगायला हवं.

बाकीच्या दोन चुका थोडक्यात सांगते. त्या लहान आहेत म्हणून नव्हे, त्यांच्याबद्दल लांबवण्यासारखं माझ्यापाशी काही नाही म्हणून.

भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटेआधी नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरारला, नोव्हेंबरात अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग जळाले. आगीच्या व्यवस्थेचं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, घ्यायचं असतं. माझ्याकडे ती सगळी होती. मागच्या जिन्याच्या दाराला मात्र कुलूप असायचं, चोरी होते म्हणून, आणि किल्ली माझ्या घरी. भंडाऱ्याची बातमी वाचल्यावरही ते कुलूप तसंच होतं. ते निघालं एका बाळंतिणीच्या वडिलांमुळे. "हे दार रात्री उघडतं का?" असं त्यांनी मला विचारलं, आणि मला उत्तर देता येईना.

दुसरी बिलाची. २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे रुग्ण हक्कांची सनद आणि ठरावीक सेवांचे दर ठळकपणे लावायचे असतात, आणि बिलासाठी रुग्णाला अडवून ठेवता येत नाही. मी सनदेची इंग्रजी प्रत छापून मार्गिकेत लावली. त्याच मार्गिकेतल्या बाकावर एका सिझेरियनच्या बाईचा नवरा पैशाची जुळवाजुळव होईपर्यंत बसून राहिला, कारण डिस्चार्ज कार्ड मी काउंटरवर ठेवून घ्यायला सांगितलं होतं. मी 'अडवलं' नव्हतं, असं मी म्हणू शकले असते. टाके भरलेली बाई तान्हं घेऊन कार्डाशिवाय घरी जाणार नाही, हे मला कळत होतं. संध्याकाळी ते मंगळसूत्र सराफाकडे ठेवून आले. सनद आता मराठीत, मोठ्या अक्षरांत आहे. पैसे बुडतात का? काही बुडतात. बहुतेक लोक कपाशी विकली गेल्यावर आणून देतात.

एक काम मात्र अजून माझ्या हातून सुटलेलं नाही. ते फोनचं.

सोनोग्राफीचे रिपोर्ट, रक्ताच्या तपासण्या, दुसऱ्या डॉक्टरांना विचारायची प्रकरणं, सगळं आम्ही वर्षानुवर्षं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. रिसेप्शनवरची मुलगी स्वतःच्या फोनने फोटो काढायची, कारण दवाखान्याचा म्हणून वेगळा फोन मी कधी घेतलाच नाही. त्यात गर्भपाताच्या बायकांच्या नोंदवहीची पानंही होती. महिन्याचा अहवाल भरताना आकडे जुळावेत म्हणून ती पानांचे फोटो काढून घरी मेळ घालायची. ही नोंदवही कायद्याने गोपनीय आहे, कपाटात कुलूपबंद ठेवायची आहे. माझ्याकडे ती कुलपात होतीच, आणि तिची चित्रं फोनमधून गावभर फिरू शकत होती. २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत आहे. पण गर्भपाताच्या बाबतीत तो नवा कायदा येण्याची वाट बघायचं कारणच नव्हतं. ती बंदी माझ्यावर आधीपासून होती.

ती मुलगी लग्न ठरल्यावर नोकरी सोडून गेली. चांगली मुलगी, तिच्या कामात मी कधी खोट काढली नाही. ती गेल्यावर एका बैठकीत डेटा कायद्याबद्दल मीच बोलत होते आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आलं. मी तिच्या सासरी, अमळनेरला गेले. तिने चहा केला, फोन माझ्या हातात दिला आणि आम्ही दोघींनी बसून एकेक फोटो काढून टाकला. मला नावं ओळखू येत होती. मी तिला विचारलं की हे कुणाला पाठवले होते का. ती म्हणाली, अहवालासाठी एकदा भावाला, त्याच्याकडे प्रिंटर आहे म्हणून. आणि जुना फोन विकला, त्यातलं काय झालं ते माहीत नाही.

भावाला मी फोन केला. त्याने काढून टाकल्याचं सांगितलं. त्या पानांवरच्या बायकांना मी अजून काहीही कळवलेलं नाही. कळवायचं तर कोणत्या पत्त्यावर, घरात कोण फोन उचलेल, आणि सांगण्यानेच ती गोष्ट घरात फुटली तर, या प्रश्नांवर मी एका वकिलांशी आणि एका ज्येष्ठ स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंशी बोलले. दोघांचं मत वेगळं पडलं. त्या बायकांतल्या दोघी-तिघी अजून तपासणीला येतात. त्यांना समोरासमोर, एकटीला बसवून सांगायचं असं मी ठरवलं आहे. पहिली येईल ती पुढच्या महिन्यात.